एक क्रियापद

पिवळ्या नदीच्या अंगाला, कळमन्याच्या अलीकडे,
जिथे सर्कस बुडाली तिथेच आमची वस्ती आहे.
मालक रातोरात गेला. हत्तीण वनखात्याने नेली.
माणसांना नेणारं खातं नव्हतं.
जमिनीत बेचाळीस मेखा ठोकलेल्या होत्या,
त्यांना धरून गोलात घरं झाली.
म्हणून आमच्याकडे कोपऱ्यावरचं घर असं काही नाही,
पोस्टमन नवीन असला की दोन फेऱ्या मारतो.

तंबू मी पाहिला नाही. शब्द तेवढे मिळाले,
आणि एक मिळाला नाही.
आमच्या वस्तीत एक क्रियापद वर्ज्य आहे.
इथे थंडी येते, रात्र होते,
स्वप्न दिसतं, संत्र्याचा भाव उतरतो.
झुल्यावरून कुणी चुकलं असेल
तर ते माणूस 'सुटलं'.

दुसरीत बाईंनी फळ्यावर लिहिलं:
पहाटे दव ______.
मी लिहिलं, बसलं.
सुखदेव बावण्यांच्या पोराने लिहिलं, आलं.
वस्तीतली पाच पोट्टी, पाच उत्तरं, पाचही चूक.
बाई म्हणाल्या, काऊन रे, एवढा साधा शब्द येत नाही?
येत होता ना बाई.

सुखदेव जोकर होता, साडेतीन फुटांचा.
आता कळमन्याच्या मार्केटात संत्री निवडतो.
एकेक संत्रं हातभर वर उडवतो,
तळव्यात परत आलं की सांगतो:
हे आतून कोरडं.
व्यापारी पैज लावतात, सोलून बघतात,
गुपचूप पैसे देतात.

मी वीज मंडळात लागले.
मे महिन्यात सत्तेचाळीस डिग्रीत खांबावर असते,
खाली गल्लीभर कुलर बंद, चिडलेली माणसं,
तरी त्यातली एखादी बाई ओरडतेच,
पोरी, जपून गं, नाहीतर
आणि ते क्रियापद घालते, भविष्यकाळात.
मी पकड घट्ट करते. खाली बघत नाही.

कुन्हीरामन मामा झेलणारा होता.
सव्वीस वर्षं गुडघ्यांवर उलटा लटकला.
किराणावाला सुटे द्यायला लागला
की मामा पैशाआधी त्याचं मनगट धरायचा.
चहाचा कप पुढे केला तरी आधी मनगट.
नवीन सुना दचकायच्या.
लग्नाच्या बांगड्या भरल्या की आम्ही म्हणायचो,
मामाकडे आत्ता नको जाऊ, फुटतील.

गेल्या पौषात तो मेडिकलमध्ये होता, वॉर्ड तेवीस.
शेजारच्या खाटेवर दोन माणसं डब्यावरून भांडत होती.
मामाने माझं मनगट धरलं, सैल,
आणि त्याच्या त्या तलशेरीच्या मराठीत म्हणाला,
वसंता सुटली नाय.
तिचा हात बरोबर टायमाला आला होता.
मग थोडं थांबून,
ती पडली.

सदतीस वर्षांत पहिल्यांदा
आमच्यातल्या कुणी तो शब्द उच्चारला.
दोनच नाही, तीन अक्षरांचा आहे, मोजला मी.
नर्स आली, सलाइन बदलून गेली.
डब्याचं भांडण मिटलं होतं.

कुणाला सांगणार नव्हते,
पण तेराव्यानंतर पुतुल मावशीपाशी बोलले.
ती एकचाकी चालवायची, आता तिला घुटने साथ देत नाहीत.
तांदूळ निवडत होती. ऐकलं सगळं.
दोन खडे बाजूला काढले.
म्हणाली, जाळी शिवायचं काम माझं होतं.
आणि सूप पाखडायला लागली.

ती जाळी अजून आहे.
मावशीच्या परसात मेथीच्या वाफ्यावर ताणलेली,
बकऱ्यांसाठी, चार मेखांना चार टोकं.
वर बोरीचं झाड झुकलेलं.
माघात रात्रभर तिच्यात बारीक आवाज होत राहतो,
एक, मग बराच वेळ काही नाही,
मग दोन लागोपाठ.
आम्ही सगळे जागे असतो, कुणी बोलत नाही.

सकाळी पोट्टे ओंजळी भरून घेऊन येतात.
विचारलं, काय रे हे?
तर म्हणतात,
बोरं आली.